कागदावर माझी आई दर दोन तासांनी कूस बदलत होती

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना खुले पत्र

मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी नागपूरला हनुमाननगरात राहते. आपल्यामागे कामं फार, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. पण काल ड्रेसिंग करताना आईच्या माकडहाडाशी जखमेत पांढरं काही दिसलं आणि डॉक्टर म्हणाले, ते हाड आहे. आता थोडक्यात लिहिणं मला जमणार नाही.

आई 71 वर्षांची. मे महिन्यात तिला लकवा मारला, डावी बाजू गेली. शहरातल्या एका दवाखान्यात 19 दिवस होती. जीव वाचला, त्याबद्दल तिथल्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. पण घरी आणली ती पाठीत वाटीएवढा खड्डा घेऊन. आधी नुसता लाल चट्टा होता. मी दाखवला, तर पावडर लावा म्हणाले. चार दिवसांत कातडी काळी पडली आणि मग वास यायला लागला.

बेडसोअर कशानं होतो हे मी आता शिकले आहे. एकाच अंगावर पडून राहिलं की हाडावरच्या मांसाला रक्त पोचत नाही आणि ते मरतं. चादर ओली राहिली तर आणखी लवकर. टाळायला महागडं औषध लागत नाही. दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, कातडी रोज बघायची. दोन माणसं आणि पाच मिनिटं, बस.

घरी आल्यावर मी केसपेपरच्या झेरॉक्स मागितल्या. 72 तासांत द्याव्यात असा नियम आहे. मला 11 दिवस खेटे घालावे लागले. त्यात कूस बदलण्याचा तक्ता होता. रात्री 2 वाजता डावी, 4 वाजता उजवी, 6 वाजता पाठीवर. प्रत्येक रकान्यासमोर सही. साहेब, त्या रात्री मी आईच्या खाटेशेजारी चटईवर जागी होते. कुणीही आलं नाही. मला एकटीला आई उचलत नव्हती, नाकात नळी होती, धक्का लागेल म्हणून हात लावायची भीती वाटत होती. मी सकाळ व्हायची वाट पाहत बसले. ते आठवलं की अजून मला जेवण जात नाही.

कागद घेऊन तावातावानं त्या वॉर्डात गेले. सही करणारी सिस्टर चोवीस-पंचवीस वर्षांची, कंत्राटी. रात्रपाळीला 38 रुग्ण आणि दोघी. त्यातली एक पेशंटला सीटी स्कॅनला घेऊन गेलेली. ती सलाईन लावता लावता मला म्हणाली, "ताई, रकाना रिकामा राहिला तर मेमो येतो. पाठ फुटली तर कुणी विचारत नाही."

मी भांडायला गेले होते. तशीच परत आले.

दवाखान्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर आपलं खातं चौकशी लावेल आणि त्या मुलीला घरी बसवेल. भंडारा आमच्याहून तासाभरावर आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयात आगीनं 10 नवजात बाळं गेली. पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. आग विझवायची सोय नसलेली इमारत वर्षानुवर्षं ज्यांनी चालू दिली, त्यांना कोणत्या कोर्टात उभं केलं?

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आपल्याला माहीत असेलच. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयात पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक. आईच्या वॉर्डात एकोणिसांमागे एक होती, आणि स्कॅनच्या वेळी अडतिसांमागे एक.

आमच्या परिचारिकांना काम येत नाही, असं मला कुणी सांगू नये. अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्याच परिचारिका. हल्ला झाल्यावर 1973 पासून 2015 पर्यंत त्या तिथेच अंथरुणावर होत्या. 2011 मध्ये त्यांच्या दयामरणाच्या प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला, तेव्हा 37 वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर झालेला नव्हता. याच महाराष्ट्रातल्या परिचारिकांनी ते केलं. माझ्या आईची पाठ 19 दिवसही टिकली नाही.

आणखी एक सांगते, जखमेइतकंच ते मला लागलं आहे. आईचं अंग पुसायचं तर वॉर्डात पडदा नव्हता. जिनं जन्मभर सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती आल्यागेल्यांच्या डोळ्यांसमोर उघडी पडायची. तिला बोलता येत नव्हतं. ती उजव्या हातानं लुगड्यासाठी चाचपडायची. पडद्याला किती पैसे लागतात, साहेब?

खाजगीत तरी काय वेगळं? आमच्या गल्लीतली जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालेली मुलगी बारा तासांच्या ड्युटीला 11,000 रुपये घेते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं 2016 मध्येच सांगितलं होतं, की 50 खाटांहून लहान दवाखान्यातही 20,000 च्या खाली पगार नको. ती शिफारस कुठे धूळ खाते आहे? 2022 च्या मे महिन्यात परिचारिका संपावर गेल्या, भरती ठेकेदाराकडे देऊ नका म्हणून. तेव्हा मीही त्यांना शिव्या दिल्या होत्या, रुग्णांना वाऱ्यावर सोडलं म्हणून. आज त्यांची माफी मागते. रुग्णांना वाऱ्यावर कोणी सोडलं ते मला 19 रात्रींत कळलं.

दर डिसेंबरला अख्खं सरकार अधिवेशनाला नागपुरात येतं. रस्ते रंगतात, झाडांना गेरू लागतो. या खेपेला एक रात्र काढा. ताफा नको, आधी कळवू नका. रात्री 2 ते 4 कोणत्याही वॉर्डात स्टुलावर बसा आणि किती जणांची कूस बदलली जाते ते मोजा.

माझं मागणं भरपाईचं नाही. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर दर पाळीला फळ्यावर लिहा: आज रुग्ण किती, परिचारिका किती. आणि त्या तक्त्यात एक रकाना वाढवा: "कूस बदलता आली नाही, माणूस नव्हता." तो भरणाऱ्या सिस्टरला मेमो देऊ नका. तो मेमो तिथे माणूस न देणाऱ्याला द्या.

आपली,
एक मुलगी
हनुमाननगर, नागपूर