अंगठा दाखवायला या, बाबा

ती. आई-बाबांना सा. न.

पत्र हाताने लिहिलेलं नाही म्हणून आई तू रुसणार माहितेय मला, पण पेन धरलं की चार ओळींत अंगठ्याचं मूळ ठणकायला लागतं म्हणून मोबाईलवर बोलून टाईप करतेय, आणि हा मोबाईल बहुतेक शेतकऱ्याच्या घरचा आहे, मी आमवात म्हटलं की तो 'आमचा भात' लिहितो. तीनदा खोडलं, मग म्हटलं राहू दे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून पाठवतेय, पिंटू वाचून दाखवेल. पिंट्या, मधलं काही गाळायचं नाही, तुझं नाव येईल तिथे पण नाही.

फोनवर हे बोलता येत नाही ना. फोन लागला की आईचं पहिलं "हात कसे आहेत गे", मी बरे म्हणायच्या आत तिचा आवाज ओला, बाबा मागून "दे इकडे दे इकडे" करतात आणि हातात फोन आला की पाऊस किती झाला तेवढं विचारून ठेवून देतात. सहा वर्षं आपण पावसावर बोलतोय बाबा.

परवा पिंटूच्या तोंडून निसटलं. रोपलावणीत तुमच्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं, तीन आठवडे झाले, जखम भरत नाही, आणि तुम्ही हळद दाबून वर फडकं बांधून परत चिखलात. आणि म्हणे "आत्याला सांगू नका, तिचं तिला पुरे झालंय". त्या रात्री सांधे गप्प होते तरी झोप आली नाही. तिचं तिला पुरे झालंय म्हणजे काय, मी लेकीतून बाद झाले काय? म्हणून माझा दिवस खरा कसा जातो ते एकदा सांगते, तुम्ही मनात जे चित्र धरून बसलाय तसा तो नाही.

सकाळ वाईटच असते, ते लपवत नाही. साडेपाचला जाग येते तेव्हा बोटं गंजलेल्या बिजागरीसारखी असतात, पांघरूण बाजूला करायला पण कोपर वापरते. ह्यांनी गरम पाणी काढून ठेवलेलं असतं, तुम्ही लग्नात दिलेल्या पितळी घंगाळात. आधी पोरांच्या आंघोळी त्यात झाल्या, आता माझे दोन हात तेवढे त्यात डुंबतात. वीसेक मिनिटं तशीच बसते. वाफ तोंडावर येते, बाहेर रेल्वे गेटजवळ गाडीची शिट्टी होते, कोण गाडी उशिरा आली ते मला आता घड्याळ न बघता कळतं. मग आधी करंगळी हलते, मग तिच्या शेजारची, आणि कधीतरी मूठ मिटते. पूर्ण नाही, आत लिंबू राहील एवढी. पण मिटली की मी तशीच दोन-चार वेळा मिटते-उघडते, पाण्यात बुडबुडे येतात, आणि हे स्वयंपाकघरातून विचारतात "झालं काय तुमचं पोहणं?". त्यानंतरचा जो चहा असतो ना आई, पेला दोन हातांत धरून, तसा चहा मी धडधाकट होते तेव्हा एकदा पण प्यायले नव्हते. तेव्हा चहा उभ्याने व्हायचा, एक पाय मशीनवर.

भाकरी थापणं माझं सुटलं हे तुला लई लागलंय. अगं पण ह्यांची भाकरी बघायला ये. पहिले सहा महिने ती कर्नाटकाच्या नकाशासारखी व्हायची आणि बेळगावचा कोपरा नेमका करपलेला. महाराष्ट्राने 2004 ला सुप्रीम कोर्टात दावा लावलाय, त्याचा निकाल लागेपर्यंत कोण थांबतंय, आम्ही तो कोपरा आधी खाऊन टाकायचो. आता गोल होते, जरा जाड होते, पण ते तुला सांगायचं नाही असं ठरलंय.

शेजारच्या अज्जी रोज "ऊटा आतेनवा" म्हणजे जेवण झालं काय म्हणत येतात आणि घरातली सगळी झाकणं सैल करून जातात. लोणचं, तेल, औषधाची बाटली, सगळं. मला एवढं कन्नड येत नाही, त्यांना एवढं मराठी येत नाही, पण झाकणाला भाषा लागत नाही. परवा त्यांनी साखरेचा डबा पण उघडून ठेवला आणि मुंग्यांची जत्रा भरली, तर दोघी मिळून अर्धा तास साखर चाळत हसत होतो.

मशीनला मोटर लावलीय. दिवसाला दोन ब्लाऊज, जास्त नाही. काजं-बटणं, हेमिंग बाहेर देते. गौरीच्या आधी बायका गर्दी करतात तेव्हा नाही म्हणायला शिकले, आणि खरं सांगू, ह्या दुखण्याने माझ्यात काय सुधारलं असेल तर एवढंच, आधी मी कुणाला नाही म्हणत नव्हते.

दर शनिवारी रात्री ती मेथोट्रेक्सेटची गोळी असते. आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते म्हणून ह्यांनी कॅलेंडरवर शनिवारांना लाल गोल केलेत. रविवारी मळमळतं, त्या दिवशी मला कोण काही सांगत नाही, मी पडून राहते. दोन-तीन महिन्यांनी लिव्हरचं आणि रक्ताचं तपासणं असतं. मध्येच दुखणं भडकतं, तेव्हा दोन दिवस मी कुणाशी नीट बोलत नाही, ह्यांच्यावर खेकसते, रडते पण. डॉक्टरांनी समजावलं होतं की आपल्या अंगातली रोगाशी लढणारी फौजच सांध्यांवर उलटते. मला माळ्यावरची राखण आठवली बाबा. रानडुकरं येतात म्हणून तुम्ही रात्रभर डबा बडवत बसायचा आणि एकदा अंधारात आपल्याच म्हशीला दगड हाणला होता, आठवतंय? तसंच हे. राखणदार वाईट नाही, त्याला अंधारात दिसत नाही एवढंच. गोळी त्याला जरा पेंगवते, म्हणून मला सर्दी-ताप झाला की जपायला लागतं.

आता ती पुडी. विषय काढतेच एकदाचा.

तुम्ही कुणाकडून तरी ती चूर्णाची पुडी आणली होती, खाल्ल्यावर आठ दिवसांत मी जिने चढायला लागले, तुम्ही गावभर पेढे वाटले, आणि तीन महिन्यांत माझं तोंड गौरीच्या मुखवट्यासारखं सुजून गोल झालं. नंतरच्या डॉक्टरांनी बघूनच विचारलं, कसली पूड खाताय? असल्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असतं पुष्कळदा, आणि ते एकदम बंद पण करता येत नाही, उतरवत आणायला लागतं. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या हातांकडे बघत नाही. घरी आलात तरी पेल्याकडे बघता, पंख्याकडे बघता. माझी दोन बोटं वाकलीत ती त्या पुडीने नाही. त्याच्या आधी दीड वर्ष एका डॉक्टरने नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर ठेवलं, खरं औषध उशिरा सुरू झालं, त्यात गेली ती. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि जाऊ पण द्यायचा नाही मला. पण तुमच्यावर नव्हताच कधी. तुम्ही त्या पुडीसाठी भर पावसात दोन बस बदलून गेला होता, ते मला आठवतं.

आणि आई, यल्लम्माला पायी जायचा नवस तू केलायस तो मला मामीकडून कळला. पायी नको. आपण सौंदत्तीला बसने जाऊ, मी पण येते, देवीला मी समजावून सांगते.

काल श्रावणातलं ऊन-पाऊस चाललं होतं तर काँग्रेस विहिरीपर्यंत चालत गेले. 1924 च्या काँग्रेसच्या बेळगाव अधिवेशनासाठी खणलेली ती, गांधीजी अध्यक्ष होते ते, बाबा तुम्हीच लहानपणी दाखवायला आणलं होतं. मधली तीन वर्षं मी तिथवर जाऊ शकले नव्हते. काल गेले, बाकावर बसले, येताना खानापूरकडची बाई अळंबी घेऊन बसली होती, लाल माती लागलेली, ती घेतली. निवडायला मला तास लागला, पण एकेक अळंबं बोटाने पुसत बसायचं कामच माझ्या मापाचं आहे. रस्सा केला, अज्जी खात नाहीत, वास घेऊन गेल्या.

तर सोमवारी दोघं या. पहिल्या बसने. आई तुला तिकीट नाहीच, 2023 पासून कर्नाटकाच्या बसमध्ये बायांना फुकट आहे, आधार कार्ड तेवढं घे, बाबांचं काढा. बाबा उपाशीपोटी या, चहा पण नाही. माझं रक्त द्यायचंच आहे, त्याच लॅबमध्ये तुमची उपाशी साखर आणि तीन महिन्यांची सरासरीवाली पण करू, मग अंगठा डॉक्टरांना दाखवू. शुगर असली की जखम लवकर भरत नाही आणि तिचं दुखणं पण कळत नाही पुष्कळदा, म्हणून दुखत नाही म्हणजे बरंय असं मला सांगायचं नाही. तोवर चिखलात पाय घालायचा नाही, आणि लाल होऊन सूज वर चढली, वास आला किंवा ताप आला तर सोमवारची वाट बघायची नाही, पिंटू गाडीवर घालून लगेच आणेल. पिंट्या, हे जोरात वाच.

डबा मी आणते लॅबमध्ये, ह्यांची भाकरी आणि अळंबी उरली तर ती. गोवावेसला उतरा, मी स्टॉपवर उभी असेन. येताना कुंदा-बिंदा, गोड काही आणू नका, तुमच्याच घरात कुणी खायला नको. घरचे तांदूळ आणा थोडे, पिशवी पिंटूच्या खांद्यावर द्या.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, फडकं सोडून फोटो काढून आजच पिंटूकडून पाठवा. मी माझ्या बोटांचा पाठवलाय, तो पण नीट बघा.