ओसरीतलं 'नाही'

संपादक महोदय,

राळेगाव तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका गावात मी अकरा वर्षांपासून आशा म्हणून काम करते. तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आम्ही घरोघरी जाऊन भरतो. त्यात बायांसाठी स्तनाचे तीन प्रश्न आहेत: गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्त येतं का, आकार बदलला का. हे मी विचारते कुठं, तर ओसरीत. बाजेवर सासरे बसलेले, दारात दीर उभा. बाई पदर सारखा करते, खाली पाहते आणि "नाही" म्हणते. मी "नाही"वर खूण करते.

माझ्या चुलत जावेच्या फॉर्मवरही माझ्याच हातची ती खूण आहे. तेव्हा तिला सुपारीएवढी गाठ होती. "दुखत नाई त कायले दाखवाचं? दुधाची गाठ असन," असं तिनं मनाशी धरलं. तिचा धाकटा तेव्हा नववीत होता! पण सुरुवातीला कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मग कापसाची वेचणी लागली. त्यात पोरीची सोयरीक. आईला कॅन्सर आहे असं कळलं तर पोरीला कोण करणार, ही भीती तिला गाठीहून मोठी होती. अकरा महिन्यांनी ब्लाउजला डाग दिसला, तेव्हा ती माझ्यापाशी रडली. नागपूरला नेईपर्यंत काखेतही गाठ आली होती. आता केमो सुरू आहे.

आमच्याकडे शिबिर झालं ते ऐन वेचणीत, शाळेच्या उघड्या खिडक्यांच्या वर्गात. तपासायला पुरुष डॉक्टर. बायांनी बीपी-शुगर तपासली आणि किलोमागं मिळणारी मजुरी बुडू नये म्हणून वावरात निघून गेल्या. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलनं १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायांना प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं. त्यांतल्या पन्नाशीपुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. मशीन लागलं नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या बाईची हातानं तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायची आहे. ती कागदावर होते.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी उपकेंद्रातल्या सिस्टरना (नर्सबाईंना) घरी बोलावलं. वाण दिलं, आतल्या खोलीची कडी लावली आणि तेच तीन प्रश्न विचारले. तेवीस जणी आल्या होत्या, एकोणीस जणींनी तपासून घेतलं. दोघींना गाठ लागली. एकीची साधी निघाली, दुसरीचा रिपोर्ट यायचा आहे. दोघींच्याही जुन्या फॉर्मवर "नाही" आहे.

आरोग्य विभागाला विनंती आहे: हे प्रश्न ओसरीत विचारायला लावू नका, तपासणी वेचणी सरल्यावर ठेवा आणि ती सिस्टरकडूनच करून घ्या. आमच्या उपकेंद्राच्या खोलीला पडदा नाही, कडीही तुटली आहे. तेवढं आधी करून द्या.

— एक आशा स्वयंसेविका, राळेगाव तालुका