बंड्याकडे एकदा जाऊन ये

प्रिय सुध्या,

किती दिवसांनी लिहितोय, त्याच्या शिव्या फोनवर घाल. माझी शुगर ठीक, गुडघा आहे तसाच, हिची पाठ बरी. झालं आरोग्य.

आता मुद्दा. घरात कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगून बघितलं तर म्हणते, बंडूभावजींना अक्कल शिकवणारे तुम्ही कोण, ते हायकोर्टात उभे राहतात. अगं तेच तर!

बंड्याचा फोन आला होता. इथे अमेरिकेत संध्याकाळ, म्हणजे तिकडे रात्रीचे दोन-अडीच. आवाज कसा माहितीये का, कॉलेजात मूट (तो लुटुपुटीचा खटला) जिंकल्यावर कँटीनमध्ये असायचा ना, तस्सा. म्हणे मुळशीकडची आधीची जमीन बँकेकडे गहाण आहे, तिच्या जोरावर पलीकडची घेतोय, रिंगरोड आला की चौपट, तू फक्त गॅरंटर म्हणून सही कर. मी म्हटलं बघतो. तो हसला आणि म्हणाला, पम्या, तू जन्मभर बघतच राहिलास. हे त्याचं नेहमीचंच, पण या वेळी हसणं मला आवडलं नाही रे.

आणि नेमकं त्या वीकेंडला लेक आम्हाला फिलाडेल्फियाला घेऊन गेली. फ्रँकलिनच्या थडग्यावर लोक नाणी टाकतात, हिनेही एक टाकलं. मग क्राइस्ट चर्चला गेलो, तिथे भिंतीजवळ जेम्स विल्सनचं थडगं, अमेरिकेच्या पहिल्यावहिल्या सुप्रीम कोर्टातला तो न्यायमूर्ती. लेकीला म्हटलं थांब जरा. तिला विल्सन कोण ते माहीत नाही, जावयालाही नाही, आणि तो तर इथे शिकलेला. तुला मात्र आठवेल, त्याचा निकाल, चिझम विरुद्ध जॉर्जिया, 1793, राज्यावर साध्या माणसाला दावा लावता येतो की नाही ती केस. त्या केसवरून आपण दोघं महिनाभर बोलत नव्हतो. तू आपल्या सुप्रीम कोर्टाच्या कस्तुरीलाल निकालाची बाजू लावून धरली होतीस, मीरतच्या पोलिसांच्या मालखान्यातलं जप्त सोनं घेऊन हेडकॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला तरी सरकार जबाबदार नाही, हे तुला पटलेलं, आणि मी विल्सन घेऊन बसलो होतो की राज्य कसलं सार्वभौम, सार्वभौम जनता, उधार माल घेतलाय तर कोर्टात ये आणि पैसे दे. दोन वर्षांत त्यांनी अकरावी घटनादुरुस्ती करून तो निकाल पुसला हे तू मला किती आनंदाने सांगितलं होतंस! माझं मत अजून तेच आहे.

पण तेव्हा आपण निकाल वाचला, माणूस वाचलाच नाही. आता इथे लायब्ररीतून पुस्तकं आणून रात्री वाचत बसतो, आणि वाचताना सारखा बंड्याच दिसतो. स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याचा पोरगा, सेंट अँड्र्यूजला शिकला, 1765 साली इकडे आला. आधी लॅटिन शिकवलं, मग जॉन डिकिन्सनकडे वकिली शिकला, कार्लाइलला प्रॅक्टिस जमवली. जाड भिंगाचा चष्मा, त्यामुळे लोकांना तुसडा वाटायचा (बंड्या!). 1776 ला स्वातंत्र्याच्या मतदानात गुरू डिकिन्सन बाजूला बसला आणि चेल्याने बाजूने मत दिलं. पुढे देशद्रोहाचे आरोप असलेल्यांची वकीलपत्रं घेतली, वर महागाईने लोक पिसाळलेले, तर 1779 मध्ये हत्यारबंद जमावाने त्याच्या घरावरच हल्ला केला. आत हा, रॉबर्ट मॉरिस आणि दोस्तमंडळी बंदुका घेऊन. माणसं मेली. त्या घराला फोर्ट विल्सन नाव पडलं ते कायमचं.

1787 च्या घटना परिषदेत हा 168 वेळा बोलला, त्याच्यापेक्षा जास्त एकटा गूव्हर्नर मॉरिस (हे नावच, हुद्दा नव्हे). 1 जूनला उठून म्हणाला की कार्यकारी सत्ता एकाच माणसाच्या हातात द्या, तर सगळे गप्प. नुकताच राजा घालवलाय आणि हा म्हणतो एक माणूस बसवा! पण तो माणूस थेट लोकांनी निवडावा असं त्याचं म्हणणं, ते काही कुणी ऐकलं नाही. मसुदा लिहिणाऱ्या पाच जणांत हा होता. धुतल्या तांदळाचा नव्हता हां, लोकसंख्या मोजताना गुलामांना तीन-पंचमांश धरायचा ठराव परिषदेत यानेच मांडला. कॉलेजात मी तुला हे सांगितलं नव्हतं, तेव्हा तो माझा हिरो होता.

मग सुप्रीम कोर्ट. वॉशिंग्टनला स्वतःच पत्र टाकलं की मला चीफ जस्टिस करा. (आपल्याकडेही करतात म्हणा, पण पत्र नाही टाकत.) खुर्ची जॉन जेला मिळाली, हा साधा न्यायमूर्ती. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या कॉलेजात कायद्यावर व्याख्यानं सुरू केली, डिसेंबर 1790 मध्ये पहिल्याला खुद्द वॉशिंग्टन येऊन बसला होता. त्याआधी वॉशिंग्टनने आपल्या पुतण्याला, बुशरॉडला, याच्याकडेच वकिली शिकायला ठेवलं होतं.

आणि हे सगळं चालू असताना पठ्ठ्या जमिनी घेतोय. कर्जावर जमीन, त्या जमिनीवर कर्ज, त्यावर पुन्हा जमीन. पेनसिल्व्हेनियात, न्यूयॉर्कात. कमाल म्हणजे ज्या जॉर्जियाला निकालात झापलं त्याच जॉर्जियाने लाच खाऊन विकलेल्या याझूच्या जमिनीत याचा मोठा हिस्सा. पुढच्याच वर्षी, 1796 ला, जॉर्जियाने ती विक्रीच रद्द केली. मंदी आली, गिऱ्हाईक संपलं, घेणेकरी दारात. 1797 मध्ये न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनला अटक. विचार कर, सुप्रीम कोर्टाचा पदावर असलेला न्यायमूर्ती उधारीपायी तुरुंगात! पोराने पैसे भरून सोडवला. तिथून पळाला तो थेट नॉर्थ कॅरोलायनात इडंटनला, तर तिथेही पियर्स बटलरने 1,97,000 डॉलरसाठी आत टाकला. हा बटलर कोण, तर घटनेवर दोघांच्या सह्या एकाच कागदावर. सुध्या, त्याच्या ओळखीच्या माणसानेच आत टाकला रे.

सुटला, पण हिवताप झाला, मग पक्षाघाताचा झटका. 21 ऑगस्ट 1798 ला गेला, पंचावन्नाचा होता. दुसरी बायको हॅना, लग्नात एकोणीस वर्षांची, ती शेवटपर्यंत त्याच्यापाशी. खुर्ची सोडली नव्हती त्याने, गेला तेव्हाही न्यायमूर्तीच. आणि इडंटन हे आयर्डेलचं गाव, म्हणजे चिझममध्ये एकट्याने विरोधी निकाल लिहिला तो. (तुझा माणूस!) त्याच्या मेहुण्याच्या मळ्यात याला पुरलं. फिलाडेल्फियात आणला तो 1906 मध्ये. आणि रिकामी खुर्ची कुणाला मिळाली माहितीये? बुशरॉड वॉशिंग्टनला.

मला सलतं ते हे की याला कायद्यातलं कळत नव्हतं असं कुणीही म्हणणार नाही. गहाणखत, मुदत, जप्ती, सगळं पाठ. आपल्या बंड्यालाही पाठ आहे. तो फोनवर कलमं सांगत होता मला! वहिनींचं नाव कुठल्या कागदावर आहे विचारलं तर विषय बदलला. आणि अजून एक, खाजगी कुणाकडून तरी घेतलेत त्याने, महिन्याच्या व्याजाने. हे तो बोलला नाही, बोलता बोलता निसटलं. तू म्हणशील पम्या घाबरट आहे, लोणावळ्याच्या वेळीही असाच घाबरला होता. असेल. पण लोणावळ्यालाही पाऊस आलाच होता ना.

तुझ्या घराचं रंगकाम संपलं का? धाकटीच्या ऑफरचं काय झालं? तिला म्हणावं बेंगळुरूच घे. वास्तूला आम्हाला जमलं नाही, मार्चमध्ये आलो की जेवायला येतो, मटण तू नको करू, वहिनींना करू दे.

तर काम असं. या रविवारी बंड्याकडे जा. सहज आलो म्हण. मी लिहिलंय हे सांगू नको, नाहीतर तो मला फाडून खाईल. वहिनींना जरा बाजूला घे आणि सह्या कशाकशावर केल्यात ते विचार, राहतं घर गहाण आहे का हे आधी विचार. जमलं तर सगळ्या कर्जांची यादी एका कागदावर त्याच्याच हाताने लिहून घे, तुझ्यासमोर लिहील, माझ्यासमोर नाही लिहिणार. मी सही करणार नाहीये, पण त्याला तसं अजून सांगितलेलं नाही. तुझा फोन आला की सांगतो. रात्री कितीही वाजता कर, मी जागाच असतो.

तुझा,
पम्या