मूडल आहे, दाखवणारा माणूस नाही

संपादक महोदय,

युनिव्हर्सिटीत शिकवतो म्हणून लिहितोय. मूडल हे ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर २००२ पासून आहे, ओपन सोर्स आहे, आमच्याकडेही आहे, पण त्याचं झालंय काय तर पीडीएफ टाकायचं गोदाम. त्यातही पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो, काही आडवे, एकावर तर अंगठाच दिसतो, आणि माझ्या वर्गातल्या दृष्टिहीन मुलीचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तिथे गप्प बसतो कारण त्याच्या लेखी ती अक्षरं नाहीत, चित्र आहे. आधी ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं सॉफ्टवेअरकडून ओळखून त्यांचा मजकूर करून टाकलं तर बरंचसं वाचता येईल, पण हे सांगणार कोण?

गेल्या सत्रात मी लेक्चर संपताना पाच प्रश्नांची क्विझ लावायला लागलो, मार्क नाहीत, उत्तर चुकलं की का चुकलं ते लगेच दिसतं. मागच्या बाकावरची पोरंही सोडवतात! फक्त प्रश्न टाईप करण्यात माझ्या दोन रात्री गेल्या आणि नंतर कळलं की फाईलमधून एकदम इम्पोर्ट करता येतात, आता हसावं की रडावं.

स्मार्ट बोर्डाला पैसे निघतात, शेजारी बसून दाखवणारा माणूस नेमायला निघत नाहीत. ट्रेनिंग म्हणजे दोन तासांचं पीपीटी, सही करा आणि सुटा. प्रत्येक विभागाला असा एक माणूस द्या, बाकीचं आम्ही बघतो.

– एक प्राध्यापक