थ्री-पिनची मोठी पिन

॥ श्री ॥

रास्ता पेठ, पुणे
१४ जुलै

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस की नव्या खोलीत गिटार फार घूं घूं करते, आणि रूममेट म्हणाली की ॲम्पच्या प्लगची मोठी पिन कापून टाक, लगेच बंद होतं. तू हसलीस, मी ‘हं’ म्हणालो, तेवढ्यात फोन कट झाला. सकाळपासून करायचा म्हणतोय, पण तू ऑफिसात असशील, आणि फोनवर मी समजावून सांगत नाही, ओरडतो, असं तुझी आई म्हणते. म्हणून दुकानात बसून लिहितोय. ती पिन कापू नकोस. एवढंच सांगायचं होतं. बाकी सगळं ठीक.

इकडे पाऊस चांगला आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल पाण्याखाली. आजीचे दुसऱ्या डोळ्याचे थेंब संपत आले. काकाने शेवटी ती गाडी विकली. दुकानात पाणबुडी मोटारी येऊन पडल्यात, पावसात सोसायट्यांना एकदम जाग येते.

तुझ्या बंगलोरलाही पाऊस असणार. फरशी ओलसर, तू अनवाणी वाजवतेस. म्हणून परत लिहितो.

तुझ्या गिटारच्या तारा पाहा. त्या ब्रिजवर टेकतात. ब्रिजच्या मागून एक काळी वायर आत जाते, तुला मी दाखवली होती, ती जॅकच्या बाहेरच्या कड्याला पोचते. तिथून केबलची जाळी ॲम्पच्या पत्र्याला, आणि पत्रा त्या मोठ्या पिनला. म्हणजे तू तारेवर बोट ठेवलंस की ॲम्पच्या बॉडीलाच हात लागला. उद्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज पत्र्याला लागला, तर पिन असेल तेव्हा करंट अर्थिंगने निघून जातो आणि एमसीबी पडतो. पिन नसेल तर काहीच होत नाही. ॲम्प वाजत राहतो, पत्र्यावर २३० व्होल्ट, आणि कोणालाच पत्ता नाही. मग तू गाता गाता माईकला ओठ लावणार, आणि माईकची जाळी दुसऱ्या अर्थला जोडलेली. ती पिन जाड आणि लांब ठेवलीय ती काय शोभेला? सॉकेटमध्ये सगळ्यात आधी तिने लागावं आणि सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून.

तुझ्या मामाचं मी इथे लिहीत नाही.

रूममेटचं साफ चूक आहे असंही नाही, पिन कापल्यावर घूं घूं कधीकधी खरंच थांबतं. ॲम्प एका बोर्डावर, लॅपटॉप दुसऱ्या, आणि मध्ये तुझी केबल, की अर्थला दोन वाटा होतात आणि त्या वेटोळ्यात हम, म्हणजे ते घूं घूं, शिरतो. त्याला उपाय आहे: दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लाव, नाहीतर लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालव. हम कशाने येतो ते ओळखायचं कसं तेही सांगतो. वाजवताना स्वतःभोवती हळूहळू फिर. एका कोनात कमी आणि एका कोनात जास्त होत असेल, तर जवळ कुठेतरी ट्रान्सफॉर्मर नाहीतर ट्यूबचा जुना चोक आहे, जागा बदल. तारांना हात लावल्यावर कमी आणि हात काढल्यावर जास्त, असं असेल तर आतल्या पोकळीला कॉपर फॉइल लावायचं आपलं राहिलं होतं ते लावू. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर पंखा बंद करून किंवा फुल करून बघ. आणि तुझा मधला पिकअप, म्हणजे तारांखालची चुंबकावरची कॉइल, उलटा गुंडाळलेला आहे, चुंबकही उलटं, मी होकायंत्र धरून तपासलं होतं. स्विच दुसऱ्या नाहीतर चौथ्या खाचेत टाकलास की दोन कॉइलींचा हम एकमेकांना मारतो. आहे तेच वापर.

झालं माझं लेक्चर सुरू. माफ कर. तू इंजिनिअर, मी औंधच्या आयटीआयचा वायरमन, हे सगळं तुला माझ्याआधी कळत असेल. पण मोटार रिवाइंडिंगवाल्याच्या पोरीला कोणीतरी पिन कापायला सांगावं आणि तिने हसावं, हे मला झेपत नाही.

तुला आठवतं का, ती स्क्वायर गिटार आपण सेकंडहँड घेतली तेव्हा आई म्हणाली होती की या पैशात फ्रिज आला असता. (फ्रिजही आला, नंतर.) घरी आणून तू ती उघडलीस आणि आतल्या कॉइली पाहून मी चष्माच काढला. सहा दांडे आणि त्याभोवती तांब्याची इनॅमल तार, बस्स! एवढ्यावर जग नाचतं? तू मला त्या लिओ फेंडरचं सांगितलंस. कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली. तेव्हापासून तो मला आपल्या गल्लीतला वाटतो.

मग ब्रिजजवळचा पिकअप मुका झाला. मीटर लावला तर बाकीचे दोन सहा हजार ओहमच्या आसपास, हा ओपन, आत कुठेतरी तार तुटलेली. मी म्हटलं, हात्तिच्या, आपला धंदाच आहे. पण ती तार ०.०६ मिलिमीटरची. माझा हात मोटारीच्या तारेला सरावलेला, जरा ताण पडला की तुटायची. शेवटी तू फेल्टचा तुकडा दोन बोटांत धरून त्यातून तार सोडायला बसलीस आणि मी मशीन फिरवत राहिलो. वेढ्यांचा काउंटर आठ हजारांकडे सरकत होता, रस्त्यावर हॉर्न, आणि तू श्वाससुद्धा बेताने घेत होतीस. गुंडाळून झाल्यावर मी सवयीने वार्निशच्या डब्याकडे वळलो तर तू किंचाळलीस, “बाबा, मेण! मेणात बुडवायचं!” पारोशा अंगाने आई स्वयंपाकघरातून मेणबत्त्या घेऊन आली, ते मला अजून दिसतं.

मी तेव्हा विचारलं होतं की हम नको तर दोन कॉइलींचा तो हंबकर बसव ना, गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये त्यासाठीच काढला. तू ब्रिजचा पिकअप लावून एक तार छेडलीस आणि म्हणालीस, हा टणत्कार जाईल. मला फरक कळला की नाही सांगता येत नाही. तुझं तोंड पाहून कळला.

आणि फिरोदिया करंडक स्पर्धेत! लाइटवाल्याने डिमर वर नेला आणि तुझी गिटार मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखी गुणगुणायला लागली. माझ्या पोटात गोळा आला. तू वाजवता वाजवता एका बाजूला वळलीस, विंगेकडे तोंड करून उभी राहिलीस, आणि घूं घूं जवळजवळ गेलं. शेजारच्या पोराला वाटलं दिग्दर्शकाने तसं बसवलंय. मी त्याला म्हटलं, माझी मुलगी आहे. उगीचच म्हटलं, त्याने विचारलंही नव्हतं.

तेव्हा तू एवढीशी अक्कल लावलीस, तर आता कात्री कशाला घेतेस? नाही घेतलीस, माहीत आहे. नुसतं बोललीस. पण तिथे रात्री हॉटेलात वाजवायला जाणार म्हणतेस, तिथलं वायरिंग कोणी केलं ते कोण बघणार? जागेवर गेलीस की आधी विचार, ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन पाडणारा स्विच, आहे का. हसू देत लोक. माईकला तोंड लावायच्या आधी मीटरचं एक टोक तारेला आणि एक जाळीला लावून व्होल्ट बघ, मीटर एसीवर ठेवून. आणि खोलीतल्या सॉकेटला अर्थ आहे का ते तिथल्या वायरमनला बोलावून तपासून घे, पैसे मी पाठवतो. मालक कुरकुरला तर माझा नंबर दे.

तुला नोकरी मिळाली तेव्हा मी पेढे वाटले, ते खरंच आनंदाने. आता दुकान बंद करताना मेन स्विच पाडतो आणि तुझ्या खोलीचा कोण पाडत असेल असं येतं मनात. असो.

तपकीर गल्लीतून कॉपर फॉइल, चांगला थ्री-पिन टॉप आणि छोटा मीटर घेतलाय, कुरियर करतो. फॉइलला एक वायर सोल्डर करून व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीला जोडायची, विसरू नकोस, नुसतं चिकटवून उपयोग नाही. त्या वेळी केबल काढलेली असू दे. तारा नऊ नंबर जाडीच्या हव्यात की दहाच्या ते कळव.

आणि काहीतरी वाजवून पाठव. हमसकट चालेल.

तुझे,
बाबा

ता. क. आईने त्याच खोक्यात शेंगदाण्याची चटणी घातली आहे. मी नको म्हटलं होतं. आधी ती काढ आणि हात धुऊन मग फॉइल उघड, तेलकट झालं तर चिकटणार नाही.