जुन्या डिझेल गाडीचा रेडिएटर बदलताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांची ओळख नेमाने करून दिली जाते. मात्र जुनी डिझेल फोर व्हील ड्राइव्ह गाडी जिव्हाळ्याने सांभाळणाऱ्यांच्या उपयोगाचे त्यात फारसे काही नसते. अशा गाड्यांच्या बाबतीत सर्रास दिसणाऱ्या एका पद्धतीविषयी हे पत्र आहे. रेडिएटर गळू लागला की तेवढाच नवा बसवायचा, त्याला इंजिनाशी जोडणारे जुने रबरी होज पाइप पुसून जुन्याच क्लिपांनी पुन्हा आवळायचे आणि गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची, ही ती पद्धत. माझ्या मते ती सरळसरळ चुकीची आहे.

त्याचे कारण दाबात आहे. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कूलंट, उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते; रेडिएटरच्या झाकणाने सुमारे १ बार जादा दाब धरून ठेवला की तोच उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. गळक्या रेडिएटरमध्ये हा दाब पुरता तयारच होत नाही, त्यामुळे कमकुवत झालेले होजही कसेबसे तग धरून असतात. नवा रेडिएटर बसताच पूर्ण दाब परत येतो आणि जो होज सर्वांत जीर्ण असेल तो फुटतो. गाडीवाला मग नव्या रेडिएटरला दोष देतो, आणि तो बिचारा आपले काम चोख करत असतो.

होजची खरी अवस्था बाहेरून कळत नाही, हीच मोठी अडचण आहे. उतरवलेला जुना होज उभा चिरून पाहावा. वरून तो काळा, गुळगुळीत, अगदी धडधाकट दिसतो. आत मात्र क्लिपेच्या जवळ लांबीच्या दिशेने केसाएवढ्या बारीक भेगा गेलेल्या असतात आणि काही ठिकाणी त्या रबराखालच्या धाग्यांच्या विणीपर्यंत पोहोचलेल्या असतात. कूलंटमधून होणाऱ्या विद्युत-रासायनिक क्रियेमुळे रबर आतून असे फाटत जाते. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना होज मध्यभागी नव्हे, तर दोन्ही टोकांपाशी बोटांनी दाबून पाहायला हवा. तिथे तो मऊ पडलेला असेल किंवा दाबताना आतून कुरकुरत असेल, तर तो बदलायलाच हवा.

वरचा आणि खालचा होज सर्वांना दिसतात, त्यामुळे निदान त्यांचा विचार तरी होतो. हीटरकडे जाणारे दोन पाइप आणि थर्मोस्टॅटजवळचा (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणाऱ्या झडपेजवळचा) आखूड बायपास होज यांच्यापर्यंत हात सहज पोहोचत नाही, आणि राहून जातात ते नेमके हेच. रेडिएटर आणि पंखा बाहेर काढलेला असताना मात्र तिथे भरपूर जागा झालेली असते. त्याच वेळी सगळे होज, क्लिपा, झाकण आणि थर्मोस्टॅट बदलून घेणे शहाणपणाचे. खालच्या होजमध्ये मूळची स्प्रिंग असेल, तर नव्यातही ती असावी. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो आणि आधार नसेल तर आत चेपला जाऊ शकतो. वळणाच्या जागी सरळ पाइप वाकवून बसवण्याचा प्रकार तर पूर्णपणे टाळावा. तो वळणावर दबतो आणि पट्ट्याला किंवा टर्बोच्या तापलेल्या भागाला घासतो.

डिझेल इंजिनात हे दुर्लक्ष विशेष महागात पडते. अनेक जुन्या इंजिनांचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडा, बिडाचा आणि त्यावर बसणारे हेड ॲल्युमिनियमचे असते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून इंजिन एकदा जरी अति तापले तरी हेड वाकू शकते आणि दोघांमधली गॅसकेट जाऊ शकते. तापमानाच्या काट्यावर विसंबून राहण्यातही धोका आहे, कारण कूलंट पुरते वाहून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा वर जाण्याऐवजी खालीही येऊ शकतो.

नवे कूलंट भरण्यापूर्वी इंजिन आणि हीटर स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावेत, नाहीतर जुना गाळ नव्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. गळती थांबवणारी पूड किंवा द्रव टाकण्याच्या मी ठाम विरोधात आहे. गळती थांबो न थांबो, त्याने हीटरच्या नळ्या चोंदतात. कूलंट रंगावरून निवडू नये, कारण रंगाला सर्वमान्य प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकारच डिस्टिल्ड पाण्यात मिसळून वापरावा. भरताना गाडीचे तोंड चढाला ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून, हवा निघून जाईपर्यंत सावकाश भरावे आणि पहिल्या फेरीनंतर, गाडी थंड झाल्यावर, पातळी पुन्हा पाहावी. गरम इंजिनाचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

आपल्या वाहनविषयक पानावर या कामाची सचित्र माहिती द्यावी, अशी माझी विनंती आहे. तीत काढलेल्या जुन्या कूलंटचाही उल्लेख असावा. ते चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही दगावतात. लहान मुलांनाही ते तितकेच घातक आहे. म्हणून ते उघड्या भांड्यात न ठेवता किंवा गटारात न ओतता, बंद डब्यात भरून वापरलेली तेले व रसायने स्वीकारणाऱ्या केंद्राकडे सोपवायला हवे.

आपला,
एक नियमित वाचक