पाहण्याजोगे चित्रपट यादीबाहेरच

‘सुट्टीत पाहावेत असे दहा चित्रपट’ ही आपल्या रविवार पुरवणीतील यादी वाचली. दहापैकी आठ चित्रपट आमच्या घरात सर्वांचे पाहून झालेले निघाले. जे गाजले ते पुन्हा सुचवण्यासाठी पुरवणीचे अर्धे पान कशाला खर्ची घालायचे?

‘कोर्ट’ (२०१४) यादीत नाही. एका लोकशाहिरावरचा खटला दाखवताना हा चित्रपट सरकारी वकील बाईंच्या मागोमाग त्यांच्या घरी, थेट स्वयंपाकघरापर्यंत जातो. तिथे त्या चारचौघींसारख्याच दिसतात आणि म्हणूनच खटला अधिक बोचतो. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. त्याच वर्षी ‘किल्ला’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या मुलाची ती गोष्ट बर्लिन महोत्सवातही गौरवली गेली. तरी माझ्या सोसायटीत विचारले, तर दोन्ही पाहिलेले जेमतेम तिघे सापडले. (त्यांतला एक मीच!)

दोष प्रेक्षकांचा नाही. असे चित्रपट बहुधा आठवडाभर, तेही आडवेळी लागतात. नोकरदार माणूस लोकलमधून घरी पोहोचेपर्यंत खेळ संपलेला असतो. ठाण्यात गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, वाशीत भावे नाट्यगृह आहे. तिन्ही महापालिकांची. तिथे महिन्यातून एका रविवारी सकाळी माफक तिकिटात असा एखादा चित्रपट दाखवता येईल. आपण त्याची चौकट आगाऊ छापावी.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे